कोणता सोडलास?

माने सरांची आणि माझी पहिली भेट दीड मीटर अंतरावरून झाली आणि शेवटचीही. मधल्या साडेतीन महिन्यांत त्यांनी ते अंतर बोटभरही कमी होऊ दिलं नाही. आमच्या घराचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही. माझ्या हातचा चहासुद्धा फाटकाच्या खांबावर ठेवलेल्या कपातूनच घेतला, आणि तोही मी मागे सरकल्यावर. तरी आजही आमच्याकडे कुणी परीक्षा देऊन आलं, मुलाखत देऊन आलं, अगदी गाडीच्या लायसन्सची चाचणी देऊन आलं, तर दारातच त्याला जो प्रश्न विचारला जातो तो माने सरांचा असतो.

तो प्रश्न सांगतेच. आधी काठीचं सांगते.

लॉकडाऊनचं पहिलं वर्ष होतं. एप्रिलमधल्या एका सकाळी मी नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनमधल्या आमच्या सुपरमार्केटच्या बाहेर ढकलगाडी धरून रांगेत उभी होते आणि फोनवर नवऱ्याला कोथिंबीर आणि पार्सली यांतला फरक सतराव्यांदा समजावत होते. तेवढ्यात माझ्या ढकलगाडीला काहीतरी टेकलं. बघते तर पांढरी काठी. काठीच्या दुसऱ्या टोकाला माकडटोपी, बिनबाह्यांचा स्वेटर, चपलेत मोजे आणि मास्कच्या वर दोन अत्यंत जागरूक डोळे.

“ताई, एक पाऊल मागं घ्या. एकशे बेचाळीसच भरतंय,” डोळे म्हणाले.

मी पुण्याची. मला कुणी एक पाऊल मागे घ्यायला सांगितलं तर मी सहसा दोन पुढे जाते. पण त्या काठीवर दर दहा सेंटिमीटरला एक लाल आणि एक निळी रेघ इतक्या सुबकपणे आखली होती, की मी निमूट आठ सेंटिमीटर मागे सरले. मुलाच्या घरातला पडद्याचा दांडा बरोब्बर दीड मीटरवर कापून त्यांनी ती बनवली होती. सरकारनं अंतर सांगितलं, पण मापायला काही दिलं नाही, अशी त्यांची डच सरकारबद्दल एकमेव तक्रार होती.

मुलगा म्हणजे प्रशांत माने. आमच्या रांगेत चार दारं सोडून राहतो. चिप बनवण्याच्या यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, अबोल आहे, आणि गल्लीत कुणाची सायकल बिघडली की न सांगता दुरुस्त करून जातो. त्याला मार्चमध्ये मुलगा झाला. सुनेचं बाळंतपण आणि बारसं उरकून जायचं म्हणून सर फेब्रुवारीतच बार्शीहून आले, सहा आठवड्यांचं सामान घेऊन. मग विमानं बंद झाली. व्हिसाची मुदत वाढली, सरांचे दोन स्वेटर मात्र तेवढेच राहिले.

सर बार्शीला नगरपालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिक्षक होते. चौथीच्या आणि सातवीच्या मुलांचा स्कॉलरशिपचा वर्ग ते शाळा भरण्याआधी, सकाळी सात ते नऊ घेत. ज्यांचं बालपण महाराष्ट्रात गेलंय त्यांना हा वर्ग माहीत आहे. हुशार म्हणून निवडलेली मुलं झोपाळलेल्या डोळ्यांनी बसतात आणि सराव करकरून त्यांची हुशारी पक्की केली जाते. शेवटी चार पर्यायांतला एक निवडायचा असतो आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. म्हणून सगळ्या वर्गांमध्ये एक मंत्र ठरलेला असतो, की शेवटच्या पाच मिनिटांत उरलेले सगळे प्रश्न ठोकून यायचं. चारातला एक तर लागेलच.

माने सरांच्या वर्गात ठोकायला बंदी होती.

“ठोकलेलं बरोबर आलं ना ताई, तर आपल्याला ते येत नव्हतं हेच माणूस विसरतो. सोडलेला प्रश्न कसा, जन्मभर ध्यानात राहतो.”

परीक्षेच्या दिवशी ते शाळेच्या फाटकात उभे राहत. पेपर कसा गेला, किती येतील, असलं काही नाही. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराला एकच विचारत, “कोणता सोडलास?” आणि संध्याकाळी बसून तेवढाच प्रश्न शिकवत. परीक्षा संपल्यावर शिकवणारे असे ते एकटेच. हेडमास्तर डोक्याला हात लावायचे, पालक भांडायला यायचे. तरी दर वर्षी पाच-सहा नावं यादीत लागायचीच, आणि मग सर स्वतः स्टुलावर चढून व्हरांड्यातल्या फळ्यावर ती नावं ऑइलपेंटनं रंगवायचे.

जुने विद्यार्थी त्यांच्या लक्षात होते ते सोडलेल्या प्रश्नांवरून. “एक आमचा तहसीलदार झाला. नफा-तोटा सोडला होता त्यानं,” हे ते फार चवीनं सांगत. एक विद्यार्थिनी बार्शीतच डॉक्टर होती. तिनं चौथीत अपूर्णांक सोडले होते, त्यामुळे सर तिच्याकडून आणलेल्या अर्ध्या-अर्ध्या गोळ्या घरी येऊन पुन्हा एकदा तपासायचे.

असा माणूस लॉकडाऊनमध्ये घरात बसणार कसा? बाळ झोपलेलं, सून दमलेली, मुलगा दिवसभर स्क्रीनसमोर. सरांनी बाळाच्या झोपेचं वेळापत्रक तक्ता करून फ्रिजवर लावलं, त्यावर शेरे लिहायला लागले, तेव्हा सुनेनं त्यांना प्रेमानं बाहेरची हवा खायला धाडलं. बाहेर त्यांना दोन गोष्टी सापडल्या. एक, इथली पोरं फुटपाथवर चित्रं काढतात ते जाडजूड रंगीत खडू. आणि दुसरी, फुटपाथच. तीस बाय तीसच्या करड्या फरशा, गल्लीच्या टोकापर्यंत.

“अख्खा गाव चौकटीच्या वहीवर वसवलाय की हो ह्यांनी,” सर हरखून म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून प्रशांतच्या दारासमोर रोज एक गणित पडायला लागलं. शब्द कमी, चित्रं जास्त. त्या वसंतात पाऊस जवळजवळ पडलाच नाही, त्यामुळे गणितं टिकायची. समोरचा विम, सत्तरी ओलांडलेला निवृत्त सुतार, कुत्र्याला फिरवायला निघायचा तो तिथेच अडकायचा. त्यानं पहिल्या दिवशी डचमध्ये सुप्रभात म्हटलं तेव्हा त्यातला तो घशातून खरवडून काढलेला आवाज ऐकून सर दोन फूट जास्तीचे मागे गेले होते. “घसा खराब दिसतोय त्यांचा,” असं मला कुजबुजून सांगितलं. पुढे दोघांची चांगलीच गट्टी जमली. सरांचं इंग्रजी पाठ्यपुस्तकातलं, विमचं टीव्हीवरचं, आणि दोघांच्या मध्ये काठी.

एका रविवारी गणित सायकलींचं होतं. एक सायकलवाला ताशी अठरा किलोमीटरनं निघाला, दुसरा वीस मिनिटं उशिरा, ताशी चोवीसनं. गाठणार कधी? सायकल म्हटल्यावर डच माणसाचा पाय निघतो होय? बघता बघता सहा-सात जण जमले आणि तावातावानं बोलायला लागले. तेवढ्यात पालिकेचे दोन गणवेशातले कर्मचारी सायकलवरून आले. जमाव करायचा नाही, दंड होईल. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, झालं, आता सरांना परदेशात पावती फाटणार.

सरांनी काठी उचलली आणि जमलेल्या प्रत्येकापासून पुढच्या प्रत्येकापर्यंत मोजून दाखवलं. सगळीकडे दीडच्या वर. मग काठी त्या दोघा कर्मचाऱ्यांच्या मध्ये धरली. तिथं भरले नव्वद. त्यातली तरुण मुलगी हसत बाजूला झाली, आणि बाजूला होताना तिची नजर फुटपाथवर गेली. “एक तास,” ती म्हणाली. सरांनी वाकून तिच्या सायकलच्या चाकाशी हिरव्या खडूनं मोठी बरोबरची खूण केली. मग सगळे मुकाट्यानं पांगले, कारण उत्तर कळलंच होतं.

आमची इरा त्यांच्या हाती लागली ती मे महिन्याच्या सुरुवातीला. अठराची व्हायला आली होती. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते आणि भांडण डचमध्ये करते. त्या वर्षी इथली शालान्त परीक्षाच सरकारनं रद्द केली. बाकीची पोरं नाचली, ही रडली. कारण हिला एका विद्यापीठातल्या वीस जागांच्या गुणवंतांच्या खास अभ्यासक्रमाला जायचं होतं. गणित आणि भाषाशास्त्र अशी दोन्ही टोकं बरोबर घेऊन शिकायची मुभा तिथेच होती. नाहीतर दोनांतलं एक सोडावं लागणार होतं, आणि कुठलं सोडायचं या प्रश्नावर ती वर्षभर रात्रीची झोप घालवून बसली होती. शेवटच्या परीक्षेत चमकून दाखवायचं असा तिचा बेत होता, तर परीक्षाच गेली. आता उरलं होतं एक पानी पत्र आणि व्हिडिओवरची मुलाखत. शाळेतले तिचे मार्गदर्शक शिक्षक म्हणत होते, की साधा अभ्यासक्रमही छान असतो. या देशात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलाकडे जरा काळजीनंच बघतात.

मी सरांना सगळं सांगितलं. खरं म्हणजे नुसतं मन मोकळं करायला. सर सावरून बसले.

“गुण किती?”

“दहापैकी सरासरी सात पूर्णांक आठ.”

“म्हणजे अठ्ठ्याहत्तर टक्के. मेरिटला काठावर. पाठवा पोरीला.”

इथं सात पूर्णांक आठ म्हणजे फार चांगले, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी दयेनं ऐकून घेतलं.

वर्ग सुरू झाला. सकाळी सात ते नऊ, फुटपाथवर. पहिल्या दिवशी इरानं त्यांना आजोबा म्हटलं. “आजोबा घरी. वर्गात सर,” ते म्हणाले. पुढचं सगळं मात्र मी आणि सर दोघांनी मिळून केलं, त्यामुळे दोष एकट्या त्यांना देता येणार नाही. आम्ही फाइल केली. गुणवत्ता म्हणजे प्रमाणपत्रं, हे आमच्या दोघांच्याही हाडात मुरलेलं. पुण्यातलं अ‍ॅबॅकसचं, चित्रकलेच्या परीक्षेचं, इथलं पोहण्याचं अ, ब आणि क, शाळेनं घेतलेल्या सायकल चालवण्याच्या परीक्षेचं, अशी एकूण सव्वीस. सरांनी प्रत्येक झेरॉक्सवर ‘सत्यप्रत’ लिहून सही केली आणि खाली चक्क शिक्का मारला. ‘दि. वा. माने, सहशिक्षक’. सहा आठवड्यांच्या सामानात हा माणूस रबरी शिक्का आणि शाईचं पॅड घेऊन आला होता.

“सर, दे ओन्ली वॉन्ट वन पेज,” इरा रोज सांगत होती.

“एक पान ते मागतात. आपण द्यायला किती द्यायचं ते आपण ठरवायचं.”

पत्रही आम्हीच बसवलं. सरांनी मुद्दे काढले, मी इंग्रजी नटवलं. लहानपणापासून ज्ञानाची ओढ, आईवडिलांचे संस्कार, भविष्यात समाजाची सेवा. शेवटी एक सुविचार. इरानं ते तोंड वाकडं करून टाइप केलं आणि आधी शाळेतल्या त्या मार्गदर्शकांना दाखवलं. सव्वीस प्रमाणपत्रांकडे त्यांनी बघितलंही नाही. पत्र वाचलं आणि व्हिडिओवर शांतपणे म्हणाले, “छान लिहिलंय. पण ही मुलगी कोण आहे? मी हिला ओळखत नाही.”

डच माणसं बोलतात ती अशी. राग मला आला. इराला हायसं वाटलं. सरांना मात्र लागलं. त्यांनी ते वाक्य दोनदा वदवून घेतलं, खडू खिशात ठेवला आणि “आपला पेपर गेला” एवढंच बोलून घरात गेले.

दोन दिवस बाहेर आले नाहीत. फुटपाथवर जुनंच गणित. त्या दिवसांत कुणी दोन दिवस दिसलं नाही की भलतीच शंका यायची. विमनं माझ्याकडे तीनदा चौकशी केली. शेवटी मी मागच्या बाजूनं प्रशांतच्या कुंपणापाशी गेले. तो अंगणात बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता.

“सरांना बरं नाही का?”

“बरे आहेत अण्णा. पेपर तपासतायत.”

“कुणाचा?”

“स्वतःचा,” तो म्हणाला आणि हसला. “मला माहीत आहेत हे दोन दिवस. लहानपणी एकदा बघितलेत.”

मग बाळाची पाठ थोपटत, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट असावी तसं त्यानं सांगितलं. सातवीला तो वडिलांच्याच वर्गात होता. यादीतलं नाव त्याचं दोन गुणांनी हुकलं. दोन गुण म्हणजे एक प्रश्न, आणि एक प्रश्न त्यानं सोडला होता. वडिलांचा नियम. शेजारच्या बाकावरच्या मुलानं शेवटचे सहा ठोकले होते. त्याचं नाव फळ्यावर लागलं, अण्णांनीच रंगवलं.

“मग सर काय म्हणाले तुला?”

“काहीच नाही. पेपरच्या दिवशी फाटकात सगळ्यांना विचारत होते. मी आलो तर म्हणाले, दप्तर नीट धर. मला वाटलं, घरी विचारतील. घरी विचारलं नाही. मग निकाल लागला, आणि मग विचारण्यासारखं काही राहिलं नाही.” बाळानं ढेकर दिला. “शाब्बास,” प्रशांत त्याला म्हणाला.

चाळिशीचा माणूस. मला त्या क्षणी त्याच्या हातातलं बाळ आणि तो, दोघांनाही एकदमच जवळ घ्यावंसं वाटलं. पण मध्ये कुंपण होतं आणि नियमही होते, म्हणून मी बरोबर नेलेला सूपचा डबा कुंपणावर ठेवून परत आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला सर फुटपाथवर हजर. नवा खडू. इराला म्हणाले, “चुकलं कुठं ते कळलं. पेपर कुणाचा आहे हे न बघता आपण उत्तर लिहीत बसलो. पेपर तुझा आहे. आता सांग, तू आजपर्यंत कोणते सोडलेस?”

मी माझ्या पायरीवर कॉफी घेऊन बसले होते, म्हणून हे मी स्वतः ऐकलं. इरानं तेव्हा अशी गोष्ट सांगितली, जी सात वर्षांत तिनं मला सांगितली नव्हती. आम्ही इथं आलो तेव्हा ती साडेदहाची. वर्षभरानं प्राथमिक शाळेची शेवटची चाचणी होती. तिच्यावरून मूल पुढे कुठल्या शाळेत जाणार ते ठरतं. त्यात एक गणित होतं. बाळ झालं म्हणून घरी इतके पाहुणे आले, प्रत्येकाला बडीशेपेच्या रंगीत गोळ्या पेरलेली इतकी कुरकुरीत बिस्किटं दिली, तर पाकिटं किती लागतील? इथं बाळ जन्मलं की हेच देतात. प्रशांतनं मार्चमध्ये दारात आणून दिली ती आम्हीही खाल्ली होती. पण साडेअकरा वर्षांच्या इरानं ती तोवर पाहिली नव्हती.

“इट वॉज जस्ट मल्टिप्लिकेशन, सर. मला येत होतं. पण ते काय आहे मला माहीत नव्हतं. सो आय डिडन्ट वॉन्ट टू प्रिटेंड.”

“ठोकलं नाहीस.”

“नाही. असे अकरा सोडले.”

अकरा सोडले म्हणून तिला खालच्या पातळीच्या शाळेत घातलं होतं. तिथून वर चढायला तिला दोन वर्षं लागली, आणि आम्ही दोघं आईबाप त्या सगळ्याला भाषेची अडचण म्हणत होतो. पुढे ती बोलतच गेली. आकडे सगळीकडे सारखे असतात असं सगळे म्हणतात, पण ते आकडे ज्या शब्दांत बसून येतात ते शब्द घराघरात वेगळे असतात, आणि तिला दोन्ही शिकायचंय ते त्यासाठीच. मी कॉफीचा कप पायरीवर ठेवून दिला. सर मात्र इतके खूश झाले होते की काठी डाव्या हातात घेऊन उजव्या हातानं स्वतःच्याच मांडीवर थाप मारत होते.

“हेच लिही.”

“पण सर, हे तर अपयश आहे,” मीच मध्ये बोलले.

सरांनाही ते लिहिणं पुरतं पटत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अर्जात अपयश लिहायचं? एकतीस वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. ते फुटपाथवर तीन फेऱ्या मारून आले. मग म्हणाले, “असू दे ताई. खरं उत्तर हेच आहे. शिक्का मारू का ह्यावर?”

आणि तेव्हा इरानं, माझ्या पोरीनं, शुद्ध मराठीत त्यांना विचारलं, “सर, तुम्ही कोणता सोडलात?”

सरांनी खडूकडे पाहिलं. बोटांवरची भुकटी स्वेटरला पुसली. “विचार करून सांगतो,” ते म्हणाले, आणि त्या दिवशी वर्ग पावणेनऊलाच सुटला.

पत्र इरानं एका बैठकीत लिहिलं. ‘अकराव्या वर्षी मी अकरा प्रश्न कोरे सोडले’ अशी सुरुवात. सरांनी त्यातलं एकच विशेषण खोडलं, आणि माझं सगळं नटवलेलं इंग्रजी इरानं. मुलाखतीला बोलावणं आलं. जूनमधली दुपार होती. इरा वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर, सर खाली आमच्या फाटकाबाहेर काठी रोवून, विम त्यांच्यापासून दीड मीटरवर, कुत्रं मधोमध. अर्ध्या तासानं इरा खाली आली. मी विचारणार होते, कशी झाली म्हणून. सरांनी मला हातानंच थांबवलं.

“कोणता सोडलास?”

“वीस वर्षांनी तुम्ही कुठे असाल, असं विचारलं. मी म्हटलं, आय विल लीव्ह दॅट वन.”

“मग?”

“ते हसले. आणि मग त्यांनी विचारलं, की सोडायला कुणी शिकवलं.”

विमला काही कळलं नव्हतं, तरी त्यानं टाळ्या वाजवल्या.

निकालाचा मेल जूनच्या शेवटी आला. इरानं तो जिन्यात उभ्या उभ्या वाचला आणि खालीच बसली. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. मी काही विचारायच्या आत ती अनवाणी बाहेर पळाली, चार दारं ओलांडून, आणि तिथून मला तिचा आवाज ऐकू आला. “सर, नाव लागलं!” पोटच्या पोरीनं बातमी आधी बाहेर दिली याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मीही तशीच अनवाणी मागोमाग गेले.

सरांनी काठी खाली ठेवली. ती जमिनीवर आडवी पडलेली मी पहिल्यांदाच बघत होते. खडूचा डबा मागवला, गुडघ्याला रुमाल गुंडाळला आणि फरशांवर, ऑइलपेंटच्या त्या जुन्या वळणात, ठसठशीत अक्षरं काढली. ‘गुणवत्ता यादी’. खाली रेघ. रेघेखाली ‘कु. इरा’. त्याच्याखाली बरीच जागा कोरी. विमनं फोटो काढला आणि हे काय लिहिलंय म्हणून विचारलं. “नेम ऑफ माय स्टुडंट,” सर म्हणाले.

संध्याकाळी नेमका पाऊस आला. मी खिडकीतून पाहिलं तर सर आडोशाला उभे राहून अक्षरं वाहून जाताना बघत होते. मी ओरडून हळहळले. ते म्हणाले, “जाऊ दे ताई. शाळेतल्या फळ्यावर शेवटी शेवटी जागा पुरेना. हा बरा. उद्या परत कोरा.”

जुलैच्या मध्यावर त्यांना विशेष विमानात जागा मिळाली. सकाळी अकराला निघायचं होतं. सर मास्क, वर प्लास्टिकचा पारदर्शक पडदा, आणि त्याच्यावर माकडटोपी अशा थाटात बाहेर आले. काठी विमानात नेता येणार नव्हती. ती त्यांनी फाटकाला टेकवून ठेवली, तीन पावलं मागे गेले आणि इराला म्हणाले, “घे.” इरानं घेतली. तिचे डोळे भरले होते, माझेही. विम कुत्र्याला घेऊन समोर उभा होता आणि त्यानं टोपी काढली होती.

“सर,” इरा म्हणाली, “माझा प्रश्न राहिला. तुम्ही सांगणार होता.”

“राहिला नाही. तोच सोडवायला बसतोय आता,” सर म्हणाले आणि गाडीत पुढच्या सीटवर बसले.

प्रशांतनं सामान ठेवून डिकी बंद केली, येऊन पट्टा लावला, किल्ली फिरवली. खिडकीची काच खाली होती. मी फुटपाथवर उभी होते, दीड मीटरवर, त्यामुळे सगळं स्पष्ट ऐकू आलं.

“प्रशा,” सर समोर बघत म्हणाले, “सातवीला तू कोणता सोडला होतास रे?”

प्रशांतचा हात गियरवर तसाच राहिला. इंजिन चालू होतं. मला वाटलं, त्याला आठवायला वेळ लागेल.

“सत्तेचाळिसावा,” तो लगेच म्हणाला.

“कशावरचा होता?”

“आरशातल्या घड्याळाचा. आरशात अमुक वाजलेले दिसतात, तर खरे किती वाजले.”

सरांनी मान हलवली. “आता येतो?”

“नाही अण्णा. तो मी कधी परत बघितलाच नाही.”

“बरं. मग चल. स्किपोलचा विमानतळ यायला दीड तास आहे की आपल्याकडं.”

गाडी निघाली. गल्लीच्या टोकाला वळणासाठी थांबली तेव्हा मागच्या काचेतून मला दोघांची डोकी दिसली, एकमेकांकडे झुकलेली. सरांचा हात वर होता. ते बोटानं हवेत एक गोल काढत होते, आणि मग त्यात काटे.